नवशाचं सोंग

त्या सकाळी महिपती थांबला असता तर त्याच्या पदरात काय पडलं असतं, ते आधी पाहू. दत्तोबा गुरवाची शाबासकी, आई रतनबाईच्या हातची गरम भाकरी, आणि आषाढ आला की बापाच्या भातखाचरात गुडघाभर चिखल. न थांबला तर पुण्याचं रेडिओ केंद्र. असा सौदा समोर आल्यावर कुसगावातला कुठलाही शहाणा माणूस काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण गावाचा एक नियम होता. जत्रेत सोंगांची रात्र असे. देवांची, राक्षसांची सोंगं कुणीही घ्यावीत. जिवंत माणसाचं सोंग घ्यायचं तर मात्र तो माणूस समोर बसलेला पाहिजे, आणि सकाळी आरती झाली की सोंगाड्याने त्याच्या हातात विडा ठेवून म्हणायचं, "तुझं तुला." त्याने म्हणायचं, "पोचलं." एवढं झालं की सोंग परत. मग त्या सोंगाड्याने त्या माणसाचं सोंग जन्मात पुन्हा घ्यायचं नाही. परत न केलेल्या सोंगाचं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तशी वेळ कुणी येऊ दिली नव्हती.

साठ सालच्या जत्रेत महिपतीने नवशाचं सोंग घेतलं. नवशा वरच्या ठाकरवाडीतला. मुंबईकरांचे लोणावळ्यातले बंगले पावसाळ्यात बंद असत, त्यांच्या किल्ल्या नवशाच्या कमरेला. त्या किल्ल्या वाजल्या की बाजारात लोक न बघता ओळखत, नवशा आला. बोलणं हळू, आणि मध्येच श्वास घ्यायला थांबायचा, जणू मागे कुणी उभं आहे का ते बघतोय. डोंगरउतारावर वाढलेला, म्हणून सपाट रस्त्यावरही डावं पाऊल आधी टेकवून बघायचा आणि मगच त्यावर भार द्यायचा. वाईट बातमी सांगायची झाली की त्याला संकोचाने आधी एक बारीक हसू यायचं. "साहेब, छप्पर गेलं तुमचं," असं तो हसून सांगायचा, आणि कुणाला त्याचा राग येत नसे.

महिपतीने हे सगळं असं उचललं की नवशाच्या बायकोने, हिरीने, पदर तोंडावर घेतला. नवशाचं कुत्रं उठलं आणि महिपतीच्या पायाशी जाऊन बसलं. सगळा गाव हसला. रतनबाई तेवढी हसली नाही.

हवापालटाला आलेले रेडिओवरचे एक साहेब पाहुण्यांच्या रांगेत बसले होते. पहाटे त्यांनी महिपतीला बाजूला घेतलं. पहिल्या गाडीने चल, म्हणाले, दुपारी आवाज ऐकू. आरती व्हायला अवकाश होता. गाडीला नव्हता.

उन्हं आल्यावर नवशा देवळापुढे हात पुढे करून उभा राहिला. बराच वेळ. शेवटी दत्तोबाने तो विडा देवळाच्या कोनाड्यात ठेवला. येईल की, म्हणाला, जातोय कुठं.

रेडिओवर तेव्हा दर आठवड्याला एक कौटुंबिक मालिका लागायची. तीत एक गोविंदराव कारभारी आला. गोड बोलून, हळू आवाजात, मध्येच श्वास घेत तो एकेक घर गिळायचा. आणि कुणाचं वाटोळं करायच्या आधी बारीक हसायचा. पत्रांचे ढीग पडले. बायका आंघोळीला गेलेल्या नवऱ्यांना हाका मारून बोलावू लागल्या, कारभारी आला म्हणून. महिपतीने पुण्यात खोली घेतली, मग बरी खोली घेतली. पुढच्या जत्रेला तो आला, पण विड्याला हात लावला नाही. परत केलं की संपलं. आणि कारभारी तर दर आठवड्याला बोलायचा. हा भाग संपू दे, असं तो आईला म्हणाला. रतनबाईने एवढंच म्हटलं की तू सोंग घालून फिरतोयस आणि तो पोरगा उघडा पडलाय.

सुरुवातीला गंमत होती. बंगल्यांतल्या बायका नवशाला पाहुण्यांपुढे उभं करून बोलायला लावत. "अगदी कारभारी," म्हणत टाळ्या पिटत. नवशा लाजून हसे, की अजून टाळ्या. मग एका बाईने नवशा अंगणात असताना आतल्या खोलीला कुलूप घालायला सुरुवात केली. दुसरीने सांगितलं, तसं काही नाही रे, पण मुलं घाबरतात. एकेक करून किल्ल्या परत मागितल्या गेल्या. तक्रार कुणाचीच नव्हती. माणसाविरुद्ध तक्रार असली तर तिला उत्तर तरी देता येतं.

मग सिनेमा आला. सहासष्ट साली एका कंपनीने लोणावळ्यात मुक्काम टाकला. गोष्टीत बंगल्याचा रखवालदार मालकाचा गळा दाबतो. रखवालदार अर्थात महिपती. रेडिओला आवाज पुरला होता, इथे चालही लागणार होती. तीही त्याच्याकडे होतीच, पहिल्यापासून घेऊन ठेवलेली.

किल्ल्या गेल्यावर नवशा हमाली करत होता. कंपनीच्या पेट्या वाहायला जी माणसं घेतली, त्यांत तोही होता. पेटी डोक्यावर घेऊन तो दरीच्या कडेने चालत आला, डावं पाऊल आधी टेकवत. दिग्दर्शकाने भोंगा तोंडाला लावून विचारलं, हा कोण आमच्या व्हिलनची नक्कल करतोय? सगळे खो खो हसले. नवशाने पेटी खाली ठेवली आणि महिपतीकडे बघितलं. महिपती दरीकडे बघत होता. दरीत त्या वेळी धुक्याशिवाय काही नव्हतं.

सिनेमा कामशेतच्या तंबूत लागला आणि गावाने बैलगाड्या जुंपून तो पाहिला. त्यानंतर कुसगावात नवशा दिसला की बोलणं थांबू लागलं. हे तेच लोक, ज्यांनी त्याला जन्मापासून पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले असते, छे, सिनेमा तो सिनेमा. पण आपली पोरं मात्र आत बोलावून घेत.

त्या पावसाळ्यात एक बंगला फुटला. चांदीची भांडी गेली. पुढे ती मालकाच्या पुतण्याकडे सापडली आणि घरातल्या घरात मिटलं, पण ते पुढे. आधी नवशाला उचललं. फौजदार सिनेमा बघून आलेला. त्याने फार विचारलं नाही. "हस बघू," म्हणाला.

नवशा घाबरला होता. आणि घाबरला, अडचणीत सापडला की त्याला काय यायचं ते आपण जाणतोच.

चौकीतून सुटून आला तेव्हा एक खांदा कायमचा उतरलेला होता. तो खांदा त्याने कुणाला दाखवला नाही आणि त्या दिवसापासून तोंडही उघडलं नाही. हिरीशीही नाही. जीभ शाबूत होती. आवाज वापरायचा नाही, एवढंच त्याने ठरवलेलं दिसलं.

महिपती आईला भेटायला आला तेव्हा हिरी दारात येऊन बसली.

"महिपतभाऊ, तेवढा इडा द्या की त्यांच्या हातात," ती म्हणाली. "दुसरं काय बी नगं. त्ये घरात असत्यात आन् घरात कुनी नसल्यावानी वाटतंय."

महिपतीने सांगितलं, दुसरा सिनेमा चालू आहे, त्यातही रखवालदारच आहे.

"मग त्यो झाल्यावर?"

"पुढच्या जत्रेला. नक्की."

"आन् त्यांच्यासारखं न बोलता तुमाला येतच न्हाई काय काम करायला?"

महिपती हसला. आधी बारीक, मग नीट. हिरी उठून गेली. आतून रतनबाईने विचारलं, कोण हसलं? डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागले होते, तेव्हापासून ती सगळं कानांनीच बघायची.

त्र्याहत्तरात मुंबईच्या टेलिव्हिजनने बोलावलं. घराघरात चेहरा जाणार, दर आठवड्याला. सिनेमावाला तीन महिन्यांत विसरला जातो, इथे विसरायची सोयच नाही. पण चाचणी घेणाऱ्या बाई नव्या होत्या आणि स्पष्ट बोलायच्या. इतक्या जवळून सगळं दिसतं, म्हणाल्या. तुमचा आवाज शिळा झालाय. आपलीच नक्कल करताय तुम्ही. मूळ जिथून आणलंत तिथं एकदा जाऊन या.

महिपती मोटार करून कुसगावला आला. वाटेत लोणावळ्याच्या बाजारातून चांगला विडा बांधून घेतला, वर्ख लावलेला. सोंग परत करतो म्हटलं की नवशाला एक शब्द बोलावाच लागणार होता. त्या एका शब्दात श्वास कुठं तुटतो, एवढं ऐकलं की काम झालं. मग तेच सोंग पुन्हा घ्यायला नियम आडवा येत होता, पण टेलिव्हिजनवर दत्तोबा थोडाच येणार होता.

दुपार कलली होती. नवशा झोपडीपुढे बसून कारवीच्या कुडाला बंध घालत होता. महिपती समोर बसला, विडा पुढे केला.

"तुझं तुला, नवशा."

नवशाने बघितलं. विड्याकडे नाही, महिपतीच्या ओठांकडे, शिकाऱ्यासारखं, नीट. मग दोन्ही हात मागे घेतले आणि पुन्हा बंध घालू लागला.

महिपती थांबला. बोल की, म्हणाला. एकच शब्द आहे. मग त्याने समजावलं, मग विनवलं, आणि नवशाने एकदाच मान वर करून डोक्यानेच नाही म्हटलं.

हिरी दारात उभी होती. "ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "आता त्ये तुमचंच हाय. आमच्यात कोन तसं बोलत न्हाई."

विडा तिथेच दगडावर ठेवून महिपती खाली उतरला. पायवाट लहानपणापासूनची, पण डावं पाऊल आधी टेकवून बघितल्याशिवाय पाय पुढे पडेना. कॅमेऱ्यापुढची सवय, त्याने स्वतःला सांगितलं. तिन्हीसांजेला घरापाशी आला. दार आतून लावलेलं होतं.

"आये, दार उघड."

आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"कोन, नवशा?" रतनबाई म्हणाली. मग दाराच्या अगदी मागून, हळू: "न्हाई. नवशा बोलत न्हाई आता. तू कोन हाईस?"

महिपतीने आपला आवाज शोधला. जत्रेआधीचा, खाचरात बैलांवर ओरडणारा, ज्याला ही बाई बांधावरून ओ द्यायची. मी हाय, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि शब्दाच्या आधी ते बारीक हसू आलं.

आतून कडीवर अडसरही घातल्याचा आवाज आला.

टेलिव्हिजनचं काम त्याला मिळालं. बाई म्हणाल्या, आता कसं अंगावर काटा येतो. तेव्हा मिळालं ते सगळं महिपतीचं, त्यात वाद नाही. त्याचं मोल भरलं ते असं: नवशाने किल्ल्या, खांदा आणि आवाज. हिरीने घरातलं बोलणं. आणि रतनबाईने मुलगा, जो दर आठवड्याला शेजारच्या घरातल्या टेलिव्हिजनवर बोलू लागला की ती आपल्या दाराला कडी घालायची.