मेलेल्या पोटाला पचत नाही

खंडूतात्या एसटीतून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते. नामपूरहून निघताना गुलजारबीनं भाकरी बांधून दिली होती, ती सटाण्याच्या आतच संपली. आता घरी साळूबाईच्या हातचं गरम काहीतरी मिळेल एवढ्याच आशेवर ते चालत होते. आधी ती चार शब्द सुनावणार, मग वाढणार. हा क्रम ठरलेला होता, कारण रुसून घर सोडण्याचा तात्यांचा जुना परिपाठ होता. वर्षाकाठी एकदा तरी ते कुणाला न सांगता निघायचे, वणीला देवीचं दर्शन घेऊन यायचे आणि परतल्यावर काही दिवस त्यांच्या भाकरीवर तूप जास्त पडायचं. यंदा वणीवरून ते पुढं नामपूरला सरकले, इसाककडे. इसाक जुना दोस्त, कांद्याचा व्यापारी. खळ्यावर कांदा निवडायला माणसं कमी होती, गुलजारबीच्या हाताला चव होती आणि रुसवाही अजून पुरता उतरला नव्हता. तात्या राहिले. नवरा-बायकोचं भांडण कशावरून झालं होतं हे विचाराल तर ते आता त्यांनाही नीट आठवत नव्हतं.

घराच्या वळणावर आले आणि ते थबकले. दारात मांडव होता, पंगत बसली होती, पण हसण्याबोलण्याचा आवाज नव्हता. म्हणजे कुणीतरी गेलं होतं. शेजारची ठमाबाई असणार, ती बरेच दिवस वाटेवरच होती. तात्यांनी टोपी काढली, चेहरा शोभेलसा केला आणि वरणाची बादली घेऊन फिरणाऱ्या वाढप्याला हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

वाढप्यानं वर पाहिलं आणि बादली सोडली. पंगत उठली नाही, फुटली. सगळ्यांच्या पुढं पळाली ती ठमाबाई, जिच्यासाठी तात्यांनी आत्ताच टोपी काढली होती. गावात नुकतीच केबल आणणारा शहजाद जेवायला आला होता, तोही पळाला. ताट मात्र त्यानं सोडलं नाही.

मांडव रिकामा झाल्यावर तात्यांना टेबलावरचा फोटो दिसला. फोटो त्यांचाच होता, त्याला झेंडूचा हार होता. जन्मभर झेंडू पिकवून नाशिकच्या फुलबाजारात विकलेला माणूस तो. आपण मेलो आहोत हे ध्यानात यायच्या आधी त्यांच्या ध्यानात हे आलं की हाराला बारीक, उतरलेली फुलं वापरली आहेत. चांगला माल मार्केटला गेला होता.

खांबाला धरून त्यांचा मुलगा जीवन उभा होता. डोकं तुळतुळीत, मिशी गायब.

"मिशी कुठं गेली तुझी?" तात्यांनी विचारलं. जीवन तसाच खांबाला धरून खाली बसला.

झालं होतं ते असं. तात्या निघून गेल्यावर नदीत एक प्रेत सापडलं. पाण्यात राहून चेहरा ओळखण्यापलीकडं गेला होता, पण अंगात तात्यांचा तपकिरी कोट होता, खिशात त्यांची तंबाखूची चंची होती. जीवननं कोट ओळखला, हंबरडा फोडला आणि अग्नी दिला. मग रामकुंडावर दशक्रिया झाली आणि आज तेराव्याचं जेवण. इकडं तात्यांना कोटाची हकीकत ठाऊक होती. वणीला निघताना ते गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, हातपाय धुवायला थांबले होते. तिथं पायरीवर एक माणूस थंडीनं कुडकुडत होता, त्याला त्यांनी कोट काढून दिला. चंची खिशात राहिली म्हणून पुढचा सगळा प्रवास ते हळहळत होते. कोटाबद्दल नाही, तंबाखूबद्दल.

हे सगळं ते सांगणारच होते, तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि साळूबाई उंबऱ्यात आली. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग पायांकडं. पायांकडं बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

गाव पळालं त्याचं तात्यांना काही वाटलं नव्हतं, उलट थोडी मजाच वाटली होती. ती कडी मात्र त्यांना लागली. आपल्या बायकोनं आपले पाय उलटे आहेत का ते पाहिलं, या विचारानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तासाभरानं गाव थोडं थोडं करत परत आलं आणि मारुतीच्या पारासमोर सभा भरली. तात्यांना पारावर बसवलं आणि बाकीचे दगड मारता येईल एवढ्या अंतरावर बसले. सूत्रं फकिराच्या हातात होती. फकिरा म्हणजे गावचा भुताखेतांचा जाणकार. मुंजा कुठल्या पिंपळावर, हडळ कुठल्या विहिरीत, सगळं त्याला तोंडपाठ. पण केबल आल्यापासून त्याचं काम वाढलं होतं. शहजादनं मागच्याच आठवड्यात एक हिंदीत बोलणारा इंग्रजी पिक्चर लावला होता. त्यात मेलेली माणसं स्मशानातून उठून चालत येत आणि दिसेल त्याला चावत. ज्याला चावत तोही मरून उठे आणि दुसऱ्याला चावायला निघे. असं करत करत आख्खं शहर संपलं होतं. गावानं तो पिक्चर एकमेकांना धरून पाहिला होता.

फकिराचं म्हणणं सरळ होतं. प्रेत जळालं हे खरं, पण लाकडं ओली होती. त्यावर लाकडं पुरवणारा उठून उभा राहिला आणि आपल्या वखारीची बदनामी खपवून घेणार नाही म्हणाला. फकिरानं लाकडांचा मुद्दा मागं घेतला आणि कावळ्याचा पुढं आणला. पिंडाला कावळा शिवला होता की नाही? सगळ्यांनी पाहिलं होतं. कावळा शिवला म्हणजे माणूस गेला. आता गेलेला माणूस समोर बसलाय, म्हणजे हा त्या पिक्चरातला प्रकार. पाय सरळ आहेत हेही त्याच्याच विरुद्ध जात होतं, कारण पिक्चरातल्यांचेही पाय सरळच होते.

तात्यांची बाजू घ्यायला एकटी साधना उभी राहिली. साधना त्यांची पुतणी, नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तेराव्यासाठी आली होती. तिनं पदर खोचला आणि आठवीच्या वर्गाला सांगावं तसं गावाला सांगायला लागली. मेलेला माणूस चालूच शकत नाही, असं तिनं सांगितलं. मेंदूला रक्त मिळालं नाही तर तो काही मिनिटांत संपतो, मग पायांना चला म्हणून सांगणार कोण? स्नायूंचं तर आणखी वाईट. स्नायू आखडायला जशी ताकद लागते तशी सैल सोडायलाही लागते. ती ताकद श्वासातून आणि अन्नातून येते. श्वास थांबला की काही तासांत अंग लाकडासारखं ताठ होतं. तुम्हीच प्रेतं बांधता ना, तिनं विचारलं, उशीर झाला तर हात वाकवताना काय होतं? बाप्ये माना डोलवायला लागले. एकदोन दिवसांत ते ताठरपण जातं, पण तोवर स्नायूच कुजायला लागलेले असतात. डोळे सुकतात, माश्या अंडी घालतात, अळ्या पडतात.

"असलं प्रेत चालत निघालंच," ती म्हणाली, "तर वेशीपर्यंत येईल का? गावातली कुत्री त्याला सोडतील?"

गावातल्या कुत्र्यांचा सगळ्यांना अनुभव होता. ती जिवंत पोस्टमनलाही सोडत नसत. हा मुद्दा चांगलाच पटला.

पण तो चावला तर, अशी शंका मागून आली. पारावरच्या तात्यांना आता राग यायला लागला होता. सकाळच्या भाकरीनंतर पोटात अन्न नाही हे खरं, पण म्हणून काही ते फकिराला चावणार नव्हते. साधनानं त्यालाही उत्तर दिलं. चावून पसरणारा रोग आपल्याकडं आहेच, पिसाळलेल्या कुत्र्याचा. लताबाईच्या सुनेला कुत्रं चावलं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. तेवढ्यानं आख्खं गाव भुंकायला लागलं का? एकेकाला गाठून, धरून, चावून पसरणारा रोग फार हळू चालतो. खोकल्यातून पसरतो, पाण्यातून पसरतो, त्या रोगाला भ्यावं. चालताना ज्याचा गुडघा गळून पडतोय त्याला काय भ्यायचं, ढकललं तर पडेल.

इथंच तिनं थांबायला हवं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही. तिनं पुढं सांगितलं की तो पिक्चर मुळातच खोटा, कारण मेलेल्याला भूकच लागत नाही. खाल्लं तरी मेलेल्या पोटाला पचत नाही, अन्न तिथंच सडतं आणि पोट फुटतं.

फकिरानं हे लगेच पकडलं. म्हणजे खाल्लं आणि पचलं तर माणूस जिवंत, नाही पचलं तर मेलेला, असंच ना? साधनाला हो म्हणावं लागलं. मग सोपं आहे, फकिरा म्हणाला, आज यांना पोटभर वाढा, उद्या सकाळी टमरेल घेऊन जाऊ द्या. काय ते समोर येईल.

सभेनं माना डोलावल्या. तात्यांनी मात्र डोलावली नाही. कारण सगळ्या गावाला माहीत होतं की खंडूतात्यांचं पोट हा मोठा अवघड विषय आहे. सकाळी रेडिओवरच्या बातम्या सुरू होताना ते टमरेल घेऊन निघत आणि शेतीचा कार्यक्रम संपला तरी हात हलवत परत येत. जिवंतपणी त्यांना जे कधी वेळेवर जमलं नव्हतं ते आता जिवंत आहोत हे दाखवण्यासाठी जमवायचं होतं.

तेराव्याचं जेवण त्यांना लांबून सरकवलं गेलं. स्वतःच्या तेराव्याची लापशी खाताना त्यांना ती कमी गोड वाटली, आणि तसं ते मोठ्यानं म्हणाले. जीवन लांबून पाहत होता. लापशीला नाव ठेवलेलं ऐकून त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. रात्रीची सोय फुलं भरायच्या शेडमध्ये झाली. दिवेलागणीला साधना आली, हातात फडक्यानं धरलेला पेला होता.

"काकूनं दिलंय," ती म्हणाली. "गरम आहे तोवर घ्या म्हणाली."

दूध होतं. पहिल्या घोटालाच तात्यांनी तोंड वाकडं केलं. दुधात एरंडेल होतं, तेही सढळ हातानं घातलेलं. पेला तसाच हातात धरून ते बसून राहिले. भुताला कुणी एरंडेल पाजत नाही. मग कडी का घातली? त्यांनी डोळे मिटून उरलेलं दूध घशाखाली घातलं.

सकाळी निम्मं गाव काही ना काही कामाच्या निमित्तानं ओढ्याच्या बाजूला आलं होतं. कुणी बैल शोधत होतं, कुणी उगाच बाभळीची काटकी मोडत होतं. तात्या टमरेल घेऊन आले ते चालत नव्हे, जवळजवळ धावत. मेलेला माणूस एवढ्या घाईनं कुठं जात नाही, हे तेव्हाच बऱ्याच जणांना कळून चुकलं. ते बांधाआड गेले आणि रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत परत आले. चेहऱ्यावर असं समाधान होतं की लोकांना त्यांचा हेवा वाटला. पण फकिरा तत्त्वाचा माणूस. तो स्वतः बांधाआड गेला, उपरणं नाकाला लावून परत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जित्ता हाय."

बायका हसल्या, जीवन रडला, शहजादनं तात्यांच्या गळ्यात हात टाकला. साधनाला सगळ्यांनी शाबासकी दिली. विज्ञानाचा असा विजय गावात आधी कधी झाला नव्हता. लोकांनी तात्यांना वाजतगाजतच घरी न्यायचं ठरवलं, पण तात्यांनी हात जोडून सगळ्यांना वाटेला लावलं आणि एकटेच गेले.

दाराला अजून कडी होती.

"मी जिवंत हाय," ते दाराला म्हणाले. "फकिरानं बघितलंय."

"मला ठाव हाय," आतून आवाज आला. "मला पहिल्यापासूनच ठाव होतं."

कडी निघाली. साळूबाई उंबऱ्यात उभी राहिली, पण बाजूला झाली नाही.

"त्या मुडद्याचे पाय चादरीबाहेर होते," ती म्हणाली. "पाचही बोटं धड होती. तुमचं अर्धं बोट कुदळीनं गेलंय ते मी नाय विसरले. मी जीवनला सांगितलं, हे आपलं माणूस नाय. समदे म्हणले, धक्क्यानं हिचं डोकं फिरलंय. काल दारात आला तेव्हा बी मी तेच बोट पाहिलं."

"मग कडी का घातली?"

"मेलेल्याला माणूस घरात घेतो. न सांगता जाणाऱ्याला का घ्यायचं? तुम्ही कुठंतरी पोटभर जेवत असणार, आन् हितं लोक माझं कुंकू पुसायला आलेले. मी पुसू दिलं नाय म्हणून येडी ठरले."

तात्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "मग कावळा कसा शिवला? फकिरा म्हणत होता, तू पुढं जाऊन काहीतरी बोललीस, तेव्हाच आला."

साळूबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "समदे त्याला तुमच्या नावानं बोलवत होते. जीवन म्हणाला, तात्या, झेंडू बंद करनार नाय. भाऊबंद म्हणले, बांध कोरनार नाय. कावळा बसला होता तिकडं, येईना. येईल कसा? मी जवळ गेले, म्हटलं, बाबा, तुझं नाव मला ठाव नाय, तुझं घर ठाव नाय. तुझी मानसं तुझी वाट बघत असतील. पन हा भात तुझाच हाय. तू जेव."

तात्या उंबऱ्यावर बसले. काल दुपारपासून सगळं गाव एकच वाद घालत होतं, मेलेला माणूस उठतो की नाही. आपणही त्याच वादात होतो, आपल्या पोटापायी. जो खरोखर मेला तो कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी त्याला कोट दिला," ते म्हणाले. "नाव नाय विचारलं. मला वणीची गाडी धरायची होती."

"उठा," साळूबाई म्हणाली. "आता उंबऱ्यावर बसू नका."

ती बाजूला झाली. घरात गेल्यावर तिनं मांडवातून आत आणून ठेवलेला फोटो उचलून ट्रंकेत ठेवला. हार तिच्या हातातच राहिला. दाराच्या मागं भिंतीला एक खुंटी होती, तिच्यावर तात्यांचा तपकिरी कोट असायचा. आता ती रिकामी होती. साळूबाईनं हार त्या खुंटीला अडकवला. तात्यांनी तो पाहिला, मळ्यात गेले आणि नव्या हारासाठी त्या दिवशीची पहिली, मोठी, ताजी फुलं घेऊन आले.