भोंग्याचा ओंकार

"सर, ध्यानात होतो म्हणता तो आनंद तुम्हाला स्वतःला कधी झालाय का?"

हॉलमधल्या सगळ्या माना गर्रकन वळल्या. दोन मैत्रिणींनी शाळेत पैज लावली होती, "भोंग्या, दम असेल तर विचारून दाखव!" आणि भोंगा दमात कमी पडेल, हे शक्यच नव्हतं. तिचा आवाज जन्मापासून जाड, घोगरा आणि दणदणीत. ती जिन्यात नुसती खोकली तरी वरच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघायची. नाव त्यावरूनच पडलेलं. आधी ती चिडायची. हल्ली मात्र ते नाव ती मिरवायची.

योगवर्गाच्या सरांनी मिटलेले डोळे अर्धेच उघडले. "आनंद ही अशी सांगायची गोष्ट नाही, बाळ. मंत्र, नाद, ध्यान... वर्षानुवर्षं साधना करावी लागते. मग कधीतरी."

"पण मला झाला ना! मंगळवारी!"

हॉलभर खुसखुस पसरली. शेजारच्या मॅटवरून आईने तिच्या मांडीला चिमटा काढला.

पण ते खरं होतं. अभ्यासात लक्ष लागेल म्हणून आईने तिला ओढून आणलं होतं आणि पहिले काही दिवस ती नुसते छतावरचे डाग बघत बसली होती. मग त्या मंगळवारी ओंकार म्हणताना, आपला आवाज कसा लागतोय याचा विचार करायचाच ती विसरली. आवाज छातीत घुमला, बरगड्यांतून पोटात उतरला, मांड्यांतून थेट लाकडी जमिनीत गेला. शेवटी ओठ मिटले तेव्हा दातांना गुदगुल्या झाल्या. आवाज संपला तरी आत काहीतरी मंद घुमत राहिलं, आणि त्यात ती कोमट पाण्यात तरंगावं तशी कितीतरी वेळ होती. डोळे उघडले तर हसून हसून गाल दुखत होते. शाळेत गाण्याच्या बाईंनी चौथीत सांगितलं होतं, 'तू नुसते ओठ हलव.' तोच हा आवाज, आणि त्याच्यात एवढं काही भरलेलं!

"त्याला चंचलता म्हणतात," सर म्हणाले. "आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. रविवारी आपल्या वर्गाचं शूटिंग आहे. ओंकार कसा एका सुरात, नाजूक यायला हवा. तू तुझा मनातल्या मनात म्हण. ओंकार आहे तो, ट्रकचा हॉर्न नव्हे."

आता मात्र हॉल खदखदून हसला. आईसुद्धा हसली. कसनुसं का होईना, पण हसली. भोंग्याची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी ती तोंड मिटून बसली. सगळ्यांचा ओंकार बारीक, गोड, वरच्या वर तरंगत गेला. हिच्या मनातल्या मनात मात्र मंत्राचा पत्ता नव्हता. सरांना द्यायला हवी होती ती उत्तरं तिथे रांगेने उभी होती. एकेक असं झणझणीत, आणि सगळी शिळी!

ओंकार संपला. ध्यानाची शांतता पसरली. आणि त्या शांततेत कोणीतरी ओरडलं, "हॅलो! सर! आज ओंकार राहिला का?"

हॅलोकाकू. जन्म टेलिफोनच्या ऑफिसात हेडफोन लावून गेला आणि कान तिथेच खर्ची पडले. वर्गात कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्या ते काढूनच बसायच्या.

"झाला की, काकू!" सर हातवारे करत म्हणाले.

"कधी? मला तर काहीच लागलं नाही." काकूंनी जमिनीवर तळवा ठेवला. "रोज इथून वर येतो. ढुंगणापासून पार टाळूपर्यंत! त्यासाठीच तर येते मी. नाहीतर मला मेलीला काय ऐकू येतंय?"

"कानाचं मशीन दाखवून घ्या एकदा!" सर कानाकडे बोट दाखवत ओरडले.

"मशीन डबीत आहे हो!"

सगळे हसले. भोंगा हसली नाही. ती काकूंच्या तळव्याकडे बघत राहिली. बाकीच्यांचा सूर वरचा. जमीन घुमवणारा जाड आवाज होता फक्त तिचा. कळल्यावर आनंद व्हायला हवा होता; उलट तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे या माणसाने तिचं एकटीचं तोंड बंद केलं नव्हतं. या बाईच्या वाट्याचा ओंकारही काढून घेतला होता, आणि वर म्हणे मशीन दाखवा!

घरी आई शूटिंगसाठी मागे लावायचा पडदा शिवत होती. बाबा शाळेच्या बसवर ड्रायव्हर; बस लावून नुकतेच आले होते.

"फुगा का झालाय?" बाबांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं.

"अगं, एका रविवारचा तर प्रश्न आहे," आई म्हणाली. "एवढ्या लोकांत आपलंच घोडं कशाला पुढे दामटायचं?"

"गाण्याच्या बाईपण म्हणाल्या होत्या, आजच्या दिवस. चौथीपासून ओठ हलवतेय मी, आई!"

"मी दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकतो गं," बाबा म्हणाले. "मला विचारशील तर मनातल्या मनात ही लई भारी सोय आहे."

"बाबा, आत्ता विनोद नको." मग ती आईकडे वळली. "तू हसलीस."

"सगळेच हसले म्हणून..."

"सगळ्यांचं मला काही नाही. तू हसलीस."

शिलाई मशीन थांबलं. आई पडद्याची शिवण उगाचच बोटाने सारखी करत राहिली. बाबांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "रविवारी मी हॅलोकाकूंच्या शेजारी मॅट टाकणार. पहिल्या रांगेत, कॅमेऱ्यासमोर. आणि ओंकार म्हणणार, माझा आवाज जेवढा आहे तेवढ्या आवाजात. सरांनी बाहेर काढलं तर जाईन. पण स्वतःहून तोंड मिटणार नाही. तिथे नाही आणि गाण्याच्या तासालाही नाही. आई, तू ये, नाहीतर नको येऊस. मी जाणार. काकूंना येताना तसं सांगून आलेय. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगितलंय, म्हणजे अख्ख्या रस्त्याला कळलंय. आता विचारू नका, सांगतेय."