चाकाचं धनुष्य

"अजून ओढा मॅडम, अजून. भिऊ नका," सुधाकरराव म्हणाले, आणि मनकर्णाने डोळे गच्च मिटून घेतले. आता खांद्यात कळ येणार हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांत ती कळ एकदाही चुकली नव्हती.

कळ आलीच नाही. दोरी निम्म्यावर आली, धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं फिरली आणि हातातला भार एकदम उतरला. विहिरीतून भरलेली बादली ओढताना मागून कुणीतरी येऊन दोर धरावा, तसं तिला वाटलं. तिने डोळे उघडले. दोरी हनुवटीला टेकली होती आणि हात थरथरत नव्हता. समोर कडब्याच्या पेंढ्या रचून त्यावर कागद टाचला होता. पहिला बाण पेंढ्यांच्या वरून शाळेच्या कुंपणापर्यंत गेला, दुसरा कागदाच्या काठाला लागला. तिसरा मधल्या पिवळ्या गोलात बसला, तेव्हा बाईंना चक्क रडू फुटलं.

सुधाकरराव नागपूरचे. आदिलाबादपासून निर्मलपर्यंतच्या शाळांना व्हॉलीबॉल, कॅरम, उड्या मारायच्या दोऱ्या पुरवायचा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं की माल विकला गेला, एवढं त्यांना कळत होतं. पण माणूस लुच्चा नव्हता. धनुष्य दिवसभर ठेवा, म्हणाले, मी निर्मलला जाऊन संध्याकाळी परत येतो, तोवर मनाशी ठरवा. त्यांनी पाना घेऊन धनुष्य तिच्या हाताच्या मापाला बसवून दिलं आणि निघता निघता एक गोष्ट तीन वेळा बजावली. बाण लावल्याशिवाय हे ओढून सोडायचं नाही. रिकामं सोडलं की धनुष्य मेलंच समजा.

आता या बाईंचं सांगायचं, तर इचोड्याच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकायला तिला माळ्यावर बसवायचे. गोफण तिला कधी जमली नाही, दगड भलतीकडेच जायचा. तेव्हा बापाच्या दोस्ताने, डोमाजी आत्रामांनी, तिला बांबूचं एक छोटं धनुष्य करून दिलं. डोमाजी कोलाम आदिवासी, बांबूच्या कामात हयात गेलेले. त्या धनुष्याने पाखरं किती उडाली देव जाणे, पण पोरगी तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली, हैदराबादला राज्याच्या स्पर्धेत उभी राहिली आणि त्याच जोरावर नोकरीला लागली. दर दोन-तीन वर्षांनी डोमाजी नवं धनुष्य करून द्यायचे. दुसऱ्या कुणाच्या हातचं धनुष्य तिने कधी उचललंच नाही.

मग शहाण्णव साली ती मोपेडवरून पडली आणि उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, वजन ओढायचं नाही. खडू धरता येत होता, शिट्टी वाजवता येत होती, पगार चालू होता. लोक म्हणायचे, चला, थोडक्यात निभावलं. पण मैदानावर मनकर्णा आता पोरींचे बाण नुसती वेचून आणायची. तिला मेडल नको होतं की काही नको होतं. तिला नुसता बाण मारायचा होता.

तिचा नवरा चंपत आदिलाबादच्या कापूस बाजारात कारकून होता. रविवार म्हणून घरीच होता. दुपारपर्यंत त्याने बायकोचे बाण वेचले आणि तोंडाचा पट्टाही चालू ठेवला. या यंत्रावर दोरी आहे, चाकं आहेत, नुसती घंटी तेवढी बसवायची राहिली, म्हणाला. पण तिचा चेहरा त्यालाही दिसत होता. जेवायला बसल्यावर त्याने आपणहून विषय काढला. स्कूटरचं पुढच्या वर्षी पाहू, हे घेऊन टाक. मनकर्णा म्हणाली, घ्यायचंच आहे, फक्त काकांना एकदा पाहू दे.

चंपतने हात जोडले. सुधाकररावाला धनुष्य विकता येते, पण पास करनार तो डोमाजी, असं म्हणून तो हसला. हसला खरा, पण त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही.

दर रविवारी डोमाजी टोपल्या-सुपं घेऊन इचोड्याच्या बाजारात बसायचे आणि बाजार आटोपला की पाणी प्यायला तिच्याकडे यायचे. त्या दिवशीही आले. मनकर्णा त्यांना थेट शाळेच्या मैदानावरच घेऊन गेली. त्यांनी धनुष्य हातात घेतलं, वजन पाहिलं, चाकं बोटाने फिरवून पाहिली, वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवरून अंगठा फिरवला. तोंडावर काही दाखवलं नाही. नवरा मुलगा बघायला आल्यावर पोरगी उभी राहते, तशी मनकर्णा पदर चाळवत उभी होती.

नवं धनुष्य हाती आलं की डोमाजींची एक रीत होती. ते कानापर्यंत ओढायचं आणि रिकामंच सोडायचं. दोरीचा आवाज नीट आला तर धनुष्य चांगलं. बांबूला आत कुठे बारीक चीर असली, तर आवाज फुटका यायचा. त्यांच्या बापाची हीच रीत होती आणि आजाचीही.

त्यांनी दोन पावलांत अंतर घेतलं, तेव्हाच मनकर्णाच्या लक्षात आलं. सुधाकररावांचं बोलणं जिभेवर आलं होतं. काका, रिकामं सोडू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण डोमाजी आत्रामांना धनुष्य कसं धरायचं ते मनकर्णाने सांगायचं? ज्या माणसाने तिची बोटं धरून दोरीवर ठेवली, त्याला? शब्द तिने गिळले. सोडणार नाहीत, नुसतं ओढून पाहतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

डोमाजींनी सोडलं.

बंदुकीसारखा आवाज झाला. सायकलची चेन उतरावी तशी दोरी चाकावरून उतरली, वरच्या पातीला उभी चीर गेली आणि चाकांना जोडणारी तार सुटून डोमाजींच्या मनगटाला चाटून गेली. रक्त आलं. चंपत पाणी आणायला धावला. डोमाजी रक्ताकडे बघतच नव्हते, ते पातीकडे बघत होते.

मनकर्णा घाईने म्हणाली, काही नाही झालं काका, आधीच ढिलं असेल, नवा माल आहे. तिने त्यांच्या मनगटाला चिंधी बांधली. चंपतने त्यांना घरी सोडून येतो म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि मैदानाच्या कडेला पायरीवर बसून राहिले. ज्याचा माल मोडला तो माणूस येईपर्यंत ते तिथून हलणार नाहीत, हे मनकर्णाला कळलं.

दिवस कलता सुधाकरराव आले. धनुष्य पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. कुणी केलं हे, त्यांनी विचारलं.

"माझ्याच हातून झालं," मनकर्णा म्हणाली.

"पोरगी खोटं बोलून राह्यली," डोमाजी पायरीवरून उठले. "मी तोडलं. रिकामं सोडून पायलं."

सुधाकरराव कपाळाला हात लावून मनकर्णाकडे वळले. मॅडम, मी तुम्हाला तीनदा बजावलं होतं, म्हणाले. मग त्यांनी डोमाजींना विचारलं, तुम्हाला यांनी सांगितलं नाही का? डोमाजी नाही म्हणाले आणि तेही मनकर्णाकडे पाहू लागले. दोघांच्या मधे ती चोरासारखी उभी होती.

"तुमाले कसं सांगू काका?" ती म्हणाली. "धनुष्याचं मी तुमाले सांगू?"

"सांगाचं होतं," डोमाजी म्हणाले. "तू सांगतलं असतं, तं मी आयकलं असतं, माय."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. मनकर्णाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. ज्या माणसाचा मान राखायला ती गप्प बसली, त्याचीच शोभा तिने चारचौघांत करून ठेवली होती.

सुधाकरराव धंद्याचे असले तरी माणूस होते. पाती आणि तार दुसरी मागवावी लागेल, उन्हाळा संपेपर्यंत येईल, ती कुठून बसवून घ्यायची ते मी पाहतो, म्हणाले. पण एक नक्की सांगा, धनुष्य तुम्ही घेणार आहात की नाही? घेणार नसाल तर मी मागवत नाही.

"नाही घेत," मनकर्णा म्हणाली. "झालेलं नुकसान भरून देते. मले काकांचंच धनुष्य बरं."

चंपतने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून बाण वेचलेला माणूस तो.

"खांदा वर जाते का तुया?" डोमाजींनी विचारलं.

मनकर्णाचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला.

"तू पडली तवापासून मी तुयासाठी बांबू पाहून राह्यलो," डोमाजी सांगू लागले. "उटनूरकडच्या रानात गेलो, पार नदीच्या अंगाले गेलो. चार धनुष्य केले. तुले दाखवले नाई. हलकं केलं तं बाण जात नाई. बाण गेला, तं तुया खांदा जाते. मंग तोडून चुलीत घातले." त्यांनी मोडक्या पातीवरून पुन्हा अंगठा फिरवला. "तुया खांद्यासाठी लागते ते मले येत नाई. याच्यात हाय. घे हे."

मनकर्णाला हुंदका आवरेना. दोन वर्षं तिला वाटत होतं, काकांनी आपला नाद सोडला. नवं धनुष्य आलं नाही, म्हणून ती मनातून थोडी रुसलीही होती.

"घेते," ती म्हणाली.

सुधाकरराव मोडकं धनुष्य पिशवीत भरू लागले, तर डोमाजींनी त्यांना थांबवलं. पाती यायची तवा येईल, म्हणाले, पण हे चाक भार कसं उतरवते, बाण कुठं ठेवाचा, काय कराचं नाई, ते मले आत्ता सांगा. सुधाकरराव घड्याळाकडे बघत म्हणाले, बाबा, मॅडमना सगळं सांगितलंय मी.

"मले सांगा," डोमाजी म्हणाले. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सुधाकररावांच्या पुढ्यात मातीतच मांडी घातली.

सुधाकरराव क्षणभर घोटाळले. मग पँट वर ओढून तेही खाली बसले. गिऱ्हाइकापुढचा त्यांचा नेहमीचा चढा आवाज खाली आला आणि ते एकेक भाग दाखवत सावकाश सांगू लागले. डोमाजी एकेक वाक्याला मान हलवत होते. एका ठिकाणी समजलं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. ते मनकर्णाला येत होतं. पण ती मधे बोलली नाही, डोमाजींच्या मागे जाऊन मातीत बसली आणि पहिल्यापासून ऐकू लागली.