पलटणीची चौकडी

"विच क्लॅन?" मॅडम कोहने विचारलं आणि नमुन्यांचं जाडजूड पुस्तक प्रफुल्लसमोर उघडलं. तिचं दुकान भाड्याने कपडे देण्याचं. पुस्तकाच्या पानापानावर लोकरी चौकड्यांचं एकेक कापड होतं आणि खाली एकेका स्कॉटिश घराण्याचं नाव.

"एनीथिंग," प्रफुल्ल घाईने म्हणाला. "नो क्लॅन."

"एव्हरीबडी गॉट क्लॅन, लाह!" मॅडम कोह हसली. तिच्या नवऱ्याच्या आडनावबंधूंची सिंगापुरात स्वतःची इमारत होती आणि तिथे दर वर्षी जेवणावळी उठत. "युअर सरनेम?"

"पाटोदकर. जस्ट अ व्हिलेज नेम."

हे उत्तर त्याचं घोटून पाठ झालं होतं. आडनाव त्याने कॉलेजात असतानाच बदलून घेतलेलं. इथल्या मराठी मंडळींत कुणी गोड आवाजात "पाटोदकर म्हणजे मूळचे कोण?" असं विचारलं, की तो पाटोद्याची नदी, बाजार, उन्हाळा असं काय काय सांगून वेळ मारून नेई. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त विचारलं जाण्याचा कंटाळा आला होता.

रावसाहेब, त्याचे वडील, शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. लेकाकडे तीन महिने राहायला आले होते. पुस्तकातल्या गर्द हिरव्या-निळ्या चौकडीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे घे. आमच्या बँडला खांद्यावर असलंच होतं."

"गुड चॉइस, अंकल! आर्मी वन. नो क्लॅन ऑल्सो कॅन."

या सगळ्या उठाठेवीचं कारण होतं मॅकरे साहेबांचा निरोपसमारंभ. प्रफुल्ल हार्बरफ्रंटच्या एका जहाजदुरुस्ती कंपनीत खर्चाचे अंदाज काढायचा आणि साहेब त्याचे वरिष्ठ. साहेब स्कॉटिश, म्हणून तिकडच्या सणाला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी जेवण, आणि यच्चयावत पुरुषांनी किल्ट, म्हणजे तो चौकड्यांचा घागरा, नेसून यायचं, असा त्यांचा हट्ट. साहेबांना इतिहासाची भारी हौस. स्कॉटलंडमधलं बंड फसल्यावर ब्रिटिश सरकारने या पोशाखावर बंदी कशी घातली, नेसला तर थेट तुरुंग, फक्त सरकारी पलटणीत भरती झालेल्याला मुभा, हे ते डब्याच्या वेळी रंगवून सांगत. पुढे बंदी उठली, खुद्द राजा तो नेसून मिरवला आणि मग जो तो आपल्या घराण्याची चौकडी शोधत सुटला. ज्यांना सापडेना त्यांना कापडवाल्यांनी शोधून दिली! या गोष्टीवर प्रफुल्ल पोट धरून हसला होता आणि हसण्याच्या भरात बोलून गेला होता, की माझे वडील आर्मीत बॅगपाइप वाजवायचे. साहेबांनी लगेच वडिलांनाही बोलावलं.

पुढचा प्रश्न काय येईल हे त्याच्या लक्षात आलं ते बेडोकला घरी परतल्यावर. रावसाहेब महार रेजिमेंटचे. एक नाव सांगितलं की दुसरं सांगायची गरजच उरत नव्हती. आणि टेबलावर अकाउंट्समधला शैलेंद्र असणार होता, पुण्याचा.

"अण्णा," जेवताना तो म्हणाला, "कुणी रेजिमेंट विचारली तर नुसतं इन्फन्ट्री सांगा."

"का रे?"

"उगाच चर्चा नको. मला रोज त्यांच्यातच बसायचंय."

रावसाहेबांनी घास खाली ठेवला. "ते नाव घेऊन आम्ही परेडला चालायचो, प्रफुल्ल. लोक उठून उभे राहायचे."

"माहीत आहे मला."

"बरं," रावसाहेब म्हणाले आणि जेवू लागले.

समारंभाला ते गळाबंद कोट घालून आले. प्रफुल्ल आपल्या उघड्या पोटऱ्या सांभाळत शेजारी बसला. मॅकरे साहेब ग्लास घेऊन मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी आले, दोन्ही हातांनी रावसाहेबांचा हात धरला आणि विचारलं, "विच रेजिमेंट, सर?"

"काका, कुठली रेजिमेंट म्हणताहेत," शैलेंद्र उत्साहाने पुढे झुकला.

रावसाहेबांनी प्रफुल्लकडे पाहिलं. त्या क्षणी प्रफुल्लला अगदी आतून वाटलं, की सांगून टाकावं यांनी, व्हायचं ते होऊ दे. पण तो नजर खाली घालून बसला.

"इन्फन्ट्री," रावसाहेब म्हणाले.

"हो, पण कुठली?"

"आता नाव आठवत नाही बघा. वय झालं."

"होतं असं, काका," शैलेंद्र आपुलकीने म्हणाला. साहेबांनीही हळुवारपणे त्यांच्या पाठीवर हात फिरवला. तेवढ्यात भाड्याने बोलावलेला पायपर वाजवायला लागला. रावसाहेब ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

परतताना टॅक्सीत प्रफुल्ल ड्रायव्हरशेजारी बसला होता. माफी मागावी तर कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना. तेवढ्यात औरंगाबादहून धाकट्या भावाचा, दिलीपचा फोन आला. प्रफुल्लने मोबाइल मागे दिला. पलटणीतून सुटल्यापासून रावसाहेब प्रत्येक फोन मोठ्याने 'जयभीम' म्हणूनच घेत. बँकेचा असो, दवाखान्याचा असो, चुकून लागलेला असो. टॅक्सीत मराठी समजणारं तिसरं माणूस नव्हतं.

"हॅलो," रावसाहेब म्हणाले.