खाऱ्या पाण्याची साक्ष

सेमिनार हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हवामानबदलाच्या सेमिनारला एरवी मागच्या तीन रांगा झोपलेल्या असतात. आज मात्र संशोधक, विद्यार्थी आणि समुद्राचं पाणी शिरून ज्यांची शेतं खारावली होती ते शेतकरी, सगळे माना उंच करून टेबलाकडे बघत होते. टेबलावर खाऱ्या विहिरीच्या पाण्याचा ग्लास, पाण्यातला खार मोजायचं मीटर, आणि त्यामागे पांढऱ्या कोटातले क्षारहर महाराज.

मीटरचा दांडा पाण्यात गेला. पडद्यावर आकडा उमटला, आठ पूर्णांक दोन. एवढ्या खाऱ्या पाण्यावर भाताची काडी जगत नाही.

"पाण्याला स्मरणशक्ती असते आणि मिठाला अहंकार," महाराज म्हणाले. "अहंकार उतरला की मीठ विरतं. हे कंपनांचं शास्त्र आहे, याला मंत्रबिंत्र म्हणू नका."

मग त्यांनी मंत्रच म्हटला. "यंत्रालाही स्नान लागतं," असं म्हणत खिशातल्या रुमालानं दांडा हळुवार पुसला आणि पुन्हा पाण्यात बुडवला. शून्य पूर्णांक सहा.

टाळ्या थांबेनात. "हे पाणी आता धरणीचं. माणसानं तोंड लावायचं नाही," असं बजावून महाराजांनी ग्लास पहिल्या रांगेत हातोहात फिरवला.

कोपऱ्यातल्या मीटरबाईचे हात मात्र हलले नाहीत. वीस वर्षं प्रयोगशाळेतली मीटरं सांभाळली, म्हणून हे नाव पडलं होतं. तिचं लक्ष सरांकडे होतं. ते महाराजांकडे बघत मान डोलावत होते. माती विभागाचे प्रमुख, महिनाअखेर निवृत्त होणारे. तीस वर्षं खाऱ्या जमिनीशी झटून त्यांच्या हाती एकच उपाय लागला होता. चर खणा, गोडं पाणी सोडा, दहा वर्षं वाट पाहा. सरांच्या थोरल्या भावाकडे दहा वर्षं नव्हती. दादा पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेल्या भाताचं शेवटचं बियाणं. उद्या सकाळी महाराज शेतात पाणी शिंपडणार आणि दादा ते पेरणार. उगवलं नाही, तर तो भात कायमचा गेला.

मीटर हा साक्षीदार, तेव्हा साक्षीच्या आधी आणि नंतर त्याची तपासणी करायची, ही सरांचीच शिकवण. त्यासाठी एक बाटली असे. तिच्यातल्या पाण्याचा आकडा ठरलेला, एक पूर्णांक एक्केचाळीस. सकाळी बाईनं तपासलं तेव्हा मीटर बरोबर होतं. आता ती पुन्हा बाटली घेऊन पुढे आली, तर सर खालच्या आवाजात म्हणाले, "आज राहू दे गं. पाहुणे आहेत."

वीस वर्षांत सरांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. बाईनं दांड्यावर स्वच्छ पाणी ओतलं. पाणी ओघळलं नाही, अळवाच्या पानावर राहावं तसं थेंबाथेंबानं थबकलं. तिनं दांडा बाटलीत बुडवला. एक पूर्णांक एक्केचाळीसच्या जागी जेमतेम शून्य पूर्णांक एक. स्पिरिटनं चोळून धुतल्यावर मीटर ताळ्यावर आलं. मग मंतरलेला ग्लास मोजला. आठ पूर्णांक दोन.

मागे सर उभे होते.

"सर, रुमालाला तेल होतं. तेलाचा थर बसला की मीटरला खार कळत नाही."

सर म्हणाले, "मला शंका आली होती. म्हणूनच म्हटलं, आज राहू दे."

लोक परतल्यावर सरांनी बाईकडून बाटली आणि ग्लास पुन्हा मोजून घेतले, एकेक आकडा पडद्यावर. महाराज हसले. "श्रद्धा नसेल तिथं कंपनं पळतात."

"कंपनं पळाली तरी रुमाल इथंच असेल ना?" सर म्हणाले. "तो द्या."

महाराजांचा हात खिशातच राहिला. थोड्या वेळानं त्यांची खुर्ची रिकामी दिसली.

सरांनी ग्लास उचलून एक घोट घेतला. "दादा, पाणी खारट आहे."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "मघाशी ग्लास हातात आला तेव्हा बोट बुडवून चाखलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मान डोलावत होतास. एवढा शिकलेला तू. म्हटलं, माझीच जीभ म्हातारी झाली असेल."

सर मटकन खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मग पिशवी मीटरबाईला दिली. "गोडं पाणी असेल तिथं मूठभर लाव, पोरी. वाण तरी राहील. शेताचं पुढं बघू." शेताचं पुढं काही नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं.

जाण्याआधी सर माइकपाशी गेले. "तुम्हाला आज त्या रुमालानं फसवलं नाही. माझ्या डोलणाऱ्या मानेनं फसवलं. मला चमत्कार हवा होता, म्हणून मी तपासलं नाही. एवढंच मागतो, कोणी कितीही शिकलेला असो, तो मान डोलावतो म्हणून आपली जीभ खोटी मानू नका. पाणी खारट लागलं तर खारट म्हणा, आणि तिथल्या तिथं म्हणा."