दोरैसानीच्या सशांचे कान

हनुमंतरावांनी करवंटीच्या धारेनं सशाचा कान खरवडला आणि ससा किंचाळला. सशाला आवाज असतो हे तंजावरकडच्या आमच्या साक्कोट्टै गावात तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

ससे गोऱ्या ओव्हरसियरच्या बायकोचे. पाटाचं पाणी त्या ओव्हरसियरच्या हातात, म्हणून सगळी पंचक्रोशी त्याला दोरै, म्हणजे साहेब, म्हणे आणि त्याच्या बायकोला दोरैसानी. उन्हाळ्यात दोघं निलगिरीला गेली आणि जाताना पांढऱ्या सशांची जोडी हनुमंतरावांच्या गोठ्यात ठेवून गेली. कारण तंजावर खालसा होण्याआधी रावांचे आजोबा राजाच्या पिलखान्यात होते. ज्याच्या घराण्यानं हत्ती सांभाळले त्याला ससा काय जड, असा दोरैचा विचार.

आमचा विचार निराळा. आमची शेतं पाटाच्या अगदी शेपटाला. वरची गावं पाणी पिऊन ढेकर देतात, आमच्यापर्यंत तो ढेकर तेवढा पोचतो. ससे धड राहिले तर शेपटाला पाणी सोडायची वेगळी मोरी बसवून देतो, असं दोरै बोलला होता. तेव्हा त्या साली आम्हा शेपटवाल्यांचं कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं, भात दोन जनावरांच्या कानांवर अवलंबून होतं. माझंही.

आधी नर मान झटकायला लागला. मग मागच्या पायानं कान खाजवायचा. रावांच्या बायकोनं, सरोजाबाईंनी, कान उलटून पाहिला तर आत भाताच्या खरवडीसारखे तपकिरी पापुद्रे, थरावर थर. शेजारचा स्वामीनाथ म्हणाला, दृष्ट लागली. गुरांचा वैद्य म्हणाला, आपल्या पोथीत गाय आहे, म्हैस आहे, ससा नाही. मग रावांनी आजोबांचं हत्तीचं औषध काढलं: खपली करवंटीनं खरवडायची, वर मिठाचं पाणी ओतायचं. हत्तीला घागर लागते, सशाला पळी पुरे, एवढा फरक त्यांनी केला.

पापुद्र्याबरोबर कातडी आली. रक्त आलं. ससा थरथरत कोपऱ्यात बसला आणि चारा सोडला.

"अहो, हत्तीचें कातडें आणि ह्याचें एक का?" सरोजाबाई म्हणाल्या.

"आजोबांच्या हातीं एक हत्ती मेला नाहीं," राव म्हणाले.

"हत्तीनें ओरडून सांगितलें असतें तर आजोबा ऐकते."

त्या दिवसापासून बाईंनी करवंटी चुलीत घातली. तिळाचं तेल कोमट करून थेंबथेंब कानात सोडायचं, कान बुडाशी हलक्या हातानं चोळायचा, आणि खपलीला बोट लावायचं नाही. ती तेलानं फुगून आपोआप गळायची. नर चारा खाऊ लागला. आम्ही बांधावर बसून मोरी कुठं बसवायची यावर भांडलो सुद्धा.

पण आमचं गाव काटकसरी. नराच्या खालचा पेंढा चांगला दिसला, फेकायचा कशाला, म्हणून रावांनी तोच मादीखाली अंथरला. मादी मान झटकायला लागली. आता दोघांना तेल. पेंढा जाळला, पेटी उकळत्या पाण्यानं धुतली, पुन्हा दोघांना तेल. मादीचे कान नितळ झाले. नराचे कानही झाले, पण मान एका बाजूला कलली ती कललीच. आत काहीतरी उतरलं होतं, तिथं आमचं तेल पोचत नव्हतं, तरी बाईंनी ते चालूच ठेवलं. राव त्याची मान हातानं सरळ धरून बसत. हात काढला की पुन्हा तिरकी. यात कुणाला काही करता येईना.

आषाढ लागला. वाफ्यातली रोपं लावणीला आली. दोरै परत आल्याचं कळलं तसे राव ससे टोपलीत घालून बंगल्यावर गेले, मागोमाग आम्ही. मान आपसूक कलली हे कसं सांगायचं, याची राव वाटभर तयारी करत होते.

दोरैसानीच्या मांडीवर डोंगरातून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं. तिनं टोपलीकडं लांबूनच पाहिलं. दुभाष्यानं सांगितलं, कुत्रा आणि ससा एका घरात नको, ससे तुम्हीच ठेवा, नाहीतर खा. झाकण कुणी उघडलंच नाही.

"आणि मोरी?" रावांनी विचारलं.

दोरैनं दुभाष्याला विचारलं, कुठली मोरी?

परत येताना वरच्या शेतांतून पाणी खळखळत होतं. आमच्या हद्दीशी आल्यावर पाट कोरडा. स्वामीनाथनं एकदा त्याला शिवी दिली, पाटाला की दोरैला ते कळलं नाही. घरी सरोजाबाई तेलाची पळी घेऊन दारात उभ्या. झाला प्रकार ऐकून त्यांनी विचारलं, "मग आतां तेल थांबवूं का?"

रावांनी टोपलीचं झाकण काढून नराला बाहेर घेतलं.

"थांबवूं नको. दुखणें सशांचें, दोरैचें नव्हे."

पुढल्या आठवड्यात आमची रोपं वाफ्यातच पिवळी पडली. सुकण्याआधी उपटून आम्ही ती जुड्यांनी रावांच्या गोठ्यात नेऊन टाकली. मादीनं भराभर खाल्ली. नरानं मान तिरकी ठेवूनच, पण पोटभर.