उजवा कोपरा

रबर पिवळा होता, थोडा चिकट, आणि दुसरा वेढा घेताना चारुशीलाबाईंच्या बोटावर सटकन बसला. बाईंनी बोट झटकलं, पुन्हा वेढा घातला, आणि त्याखाली कागदांच्या गठ्ठ्याचा कोपरा दबला तेव्हा श्रावणीला आठवलं, आपण त्या कोपऱ्यात नाव लिहिलंय. नाव, नववी ब, हजेरी क्रमांक एकतीस. खाली पट्टीनं रेघ.

समाजकार्य महाविद्यालयातून पाहणीचे कागद भरून घ्यायला आलेल्या दोन ताईंनी तीनदा बजावलं होतं, नाव लिहायचं नाही. तिनं ऐकलंही होतं. पण पाचवीपासून कागद पुढे आला की हात आधी उजव्या कोपऱ्यात जातो, कारण नाव नसलेला पेपर चारुशीलाबाई तपासत नाहीत, आणि नावाखाली रेघ नसलेला पेपर पप्पा... पप्पा तो उघडूनही बघत नाहीत. बाजूला ठेवतात आणि चार्जरची वायर काढतात.

प्रश्न सहावा : घरी तुम्हाला मारहाण होते का? होत असल्यास कोण करतं, कशानं? तिनं लिहिलं होतं – पप्पा. वायरनं. लिहिताना बरं वाटलं होतं. बरं म्हणजे, दुसऱ्या कुणाचं तरी आपण लिहून देतोय असं काहीतरी. दोन शब्द आणि दोन पूर्णविराम. आता त्या दोन शब्दांच्या डोक्यावर तिचं नाव होतं आणि गठ्ठा बाईंच्या काखेत.

ताई दहावीच्या वर्गावर गेल्या होत्या, मधल्या सुट्टीनंतर गठ्ठा नेणार होत्या. तोवर तो स्टाफरूममध्ये. बाई चाळतीलच. वाचतील. आणि मग फोन करतील – वाईट मनानं नाही, शाळेची रीतच तशी. मुलाचं काहीही असो, आधी पालकांना कळवायचं. सातवीत पीटीच्या बाईंनी दंडावरचा वळ बघून असंच कळवलं होतं. पप्पा इस्त्रीच्या शर्टात आले, स्टाफरूममध्ये चहा घेतला, ‘जिन्यावरून पडली हो, धांदरट आहे,’ म्हणून हसले, आणि सगळे हसले. राजापेठेत पप्पांचा, म्हणजे उद्धव सरांचा, भूमितीचा क्लास. सर पोरांवर कधी हात उचलत नाहीत, ही त्या क्लासची ख्याती. त्या संध्याकाळी दार लावून झाल्यावर... नको. नंतर आईनं तेल लावता लावता एवढंच विचारलं, ‘काहून दाखवलं वं तू त्यायले?’

मी दाखवलं नव्हतं, आई. बाही वर सरकली होती.

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन अंजनगावला माहेरी गेली. चौथ्या दिवशी आजोबांनी, किसनरावांनी, दोघींना स्वतः एसटीत बसवून दिलं. ‘शिकेल-सवरेल माणूस आहे. होते एखाद्या टाइमले,’ खिडकीतून म्हणाले, आणि पिशवीत संत्री घातली. आई परतवाड्यापर्यंत संत्री सोलत होती. खाल्लं कुणीच नाही.

घंटा झाली. आचल डबा घेऊन बाकावर आदळली.

‘चाल नं वं. तोंड काहून असं केलं?’

‘काही नाही.’

‘भूमितीच्या पेपरात काय येनार हाय सांगितलं असन पप्पानं. मले बी सांग नं! तुह्यं मस्त आहे बाप्पा, घरातच सर.’

श्रावणी हसली. हे हसणंही त्या रेघेसारखंच, हात जातो तसं तोंड जातं. ‘आलेच,’ म्हणाली आणि निघाली.

स्टाफरूममध्ये बाई एकट्याच होत्या, पोळीचा घास मोडत.

‘बाई, माझा कागद पाहिजे होता. एक प्रश्न राहिला.’

‘त्याला काय मार्क आहेत का गं?’ बाईंनी कोपरानं गठ्ठा पुढे सरकवला. ‘घे, शोध. रबर तोडू नको. आणि पप्पांना सांग, आमच्या सोहमच्या डोक्यात वर्तुळ अजून शिरलं नाही म्हणून. वेगळं बसवून शिकवतो म्हणाले होते.’

‘हो, बाई.’

कागद उलटताना वाचायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण अक्षरं ओळखू येत होती. गोल, फुगलेलं – आचल. सगळीकडे नाही, नाही, नाही. हे मुंगीएवढं प्राजक्ताचं. नाव कुणाचंच नव्हतं आणि तिला जवळपास सगळे ओळखता आले. मग तिरकं, रेघेच्या वर उडालेलं अक्षर, कुलदीपचं. शेवटच्या बाकावरून बकरीचा आवाज काढणारा, सगळ्या वर्गाला हसवणारा कुलदीप. सहाव्या प्रश्नाखाली – बाबा. पट्ट्यानं. आईले पण. आणि पुढे एक हसरं तोंड काढलेलं.

तिनं तो कागद पटकन उलटा ठेवला, उघडं दार लावून घ्यावं तसा.

त्याच्याच खाली तिचा होता. तिनं पेनाचं टोपण काढलं. नावावर शाई फिरवायची, झालं. पण बाई तर पाचवीपासून सगळ्यांच्या वह्या तपासताहेत; तिला अक्षरावरून कळलं ते त्यांना कळणार नाही? नाव खोडलेलं दिसलं की आधी तोच कागद वाचतील. मग घडी घालून खिशात? बाईंचं लक्ष डब्यात होतं, सहज जमलं असतं. पण दप्तर आणि खिसे पप्पा रोज बघतात. फाडायचा, तुकडे कुठे टाकायचे, ते कुणी बघितलं तर काय सांगायचं – जिना, सायकल, पीटीच्या दिवशी दुखणारं पोट, उन्हाळ्यातही पूर्ण बाही – कुणाला कधी काय सांगितलं ते सगळं लक्षात ठेवायचं, आणि त्यात आता हे आणखी एक. मनगट एकदम जड झालं. धीर वगैरे काही नव्हता. नुसता कंटाळा आला होता, हाडांपर्यंत.

तिनं टोपण लावलं. कागद होता तिथेच, कुलदीपच्या खाली, ठेवला. रबराचे दोन वेढे घातले.

‘लिहिलंस?’

‘हो, बाई.’

‘शहाणी,’ म्हणत बाईंनी गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला.

बाहेर नळावर गर्दी होती. बाई आज वाचतील, सोमवारी वाचतील, की त्या ताई नेतील आणि कुठल्याशा तक्त्यात एक आकडा वाढेल? फोन आला तर पप्पा क्लासमध्येच घेतील, खडू खाली न ठेवता. एरवी एवढ्या वेळात तिचं उत्तर तयार झालेलं असतं, शब्दन् शब्द, पूर्णविरामासकट. तिनं नेहमीच्या सवयीनं सुरुवात केली : पप्पा, ते मी... ते ना...

पुढचं वाक्य सुचेना. मागून कुणीतरी ढकललं, ‘पी नं लवकर!’ तिनं ओंजळ धरली, प्यायली, पुन्हा धरली. वाक्य तरीही येईना, आणि ते शोधायला जाण्याइतकं त्राण आता तिच्यात नव्हतं.